सावंतवाडीची लाकडी फळे आणि खेळणी : खरेदीपूर्वी वाचावे असे थोडेसे

दुकानात आलेले बरेच ग्राहक लाकडी आंबा हातात घेऊन प्रथम वास घेतात, मग हसतात आणि लगेच विचारतात, की त्याच टोपलीतले दोन आंबे एकसारखे का नाहीत. हे माहितीपत्रक मुख्यतः त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी लिहिले आहे. त्यासोबत लाकूड, रंग, मुलांची सुरक्षितता आणि वस्तूंची निगा यांविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंकांचाही येथे विचार केला आहे.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडावर रंगकाम करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. पाट, चौरंग, पाळणे, देव्हारे यांबरोबरच भातुकली, ठकी बाहुली आणि फळे-भाज्यांचे संच ही इथली ओळख. या लाकडी कलाकुसरीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी आणि आमची खेळणी एकाच जातीची, असा अनेकांचा समज असतो. परंतु दोन्हींची रीत मुळातच वेगळी आहे. चन्नपट्टणला काळ्या कुड्याचे लाकूड लेथवर फिरवून कातले जाते, फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली जाते, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते आणि मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणली जाते; तिथे कुंचल्याचे काम जवळजवळ नसतेच. ही रीत सुंदर आहे, पण लेथवरून उतरणारी वस्तू गोल असते. आंबा गोल नसतो. त्याला एका अंगाला चोच असते, दुसऱ्या अंगाला खांदा असतो आणि देठ कधीच बरोबर मध्यावर नसतो. म्हणून आमचे फळ वाकसाने व पटाशीने हातानेच घडवावे लागते, कानशीने घासावे लागते आणि कुंचल्याने रंगवावे लागते. दोन आंबे एकसारखे न होण्याचे कारण इतके साधे आहे.

पूर्वी या कामासाठी मुख्यतः पांगारा वापरला जाई. कुंपणाला किंवा मिरीच्या वेलाला आधार म्हणून लावलेले हे झाड वजनाला अतिशय हलके असते आणि त्याचे लाकूड हत्याराला मऊ लागते. मात्र त्याला कीड लवकर लागते, त्यामुळे आम्ही फळांसाठी पांगाऱ्याबरोबर शिवण या झाडाचे, आणि भातुकलीसाठी आंब्याचे लाकूड वापरतो. लाकूड कोणतेही असो, ते पुरते वाळलेले असणे ही खरी अट आहे. फळ्या व ठोकळे सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रीतीने महिनोन्‌महिने रचून ठेवावे लागतात. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या मागणीच्या घाईत आम्ही अर्धवट वाळलेल्या ठोकळ्यांची सीताफळे केली होती. रंगवताना ती उत्तम दिसली. दिवाळीपर्यंत ग्राहकांच्या घरी बहुतेकांना देठापासून तडे गेले. ती सर्व आम्ही परत घेतली. तेव्हापासून पावसाळ्याच्या चार महिन्यांत नवीन रंगकामाच्या मोठ्या मागण्या आम्ही स्वीकारत नाही, कारण कोकणातल्या दमट हवेत लाकूड वाळत नाही आणि रंगाखालचे अस्तरही नीट धरत नाही. गौरी-गणपतीसाठी फळांचे संच हवे असल्यास एप्रिलअखेर कळवावे, ही आमची विनंती आहे.

रंगापूर्वी लाकडावर अस्तर चढवले जाते. चिंचोके भाजून त्यांची साले काढायची, ते भिजवून वाटायचे आणि शिजवून त्यांची खळ करायची. त्या खळीत खडूची बारीक पूड घोटून झालेला लेप लाकडाच्या शिरा व बारीक छिद्रे बुजवतो. एक हात वाळला की काचकागदाने घासून दुसरा द्यायचा, असे तीन-चार वेळा करावे लागते. या कामाचे पैसे ग्राहकाला दिसत नाहीत, पण किमतीतला मोठा वाटा याच कामाचा असतो. अस्तर चुकवून थेट रंगवलेले फळ पहिल्या उन्हाळ्यातच पापुद्रे सोडू लागते. फळ विकत घेताना ते खिडकीजवळ नेऊन तिरके धरावे. लाकडाच्या रेषा रंगातून वर आलेल्या दिसल्या, तर अस्तर कमी पडले आहे असे समजावे, मग ते फळ आमच्याकडचे असले तरी.

रंगकामात सर्वांत सोपे केळे आणि सर्वांत अवघड आंबा. केळ्याला पिवळ्या रंगावर काळपट रेघा व ठिपके दिले की ते उठून दिसते. आंब्याला आधी पूर्ण पिवळा हात द्यावा लागतो, मग देठाकडून हिरवा आणि खांद्यावर तांबूस छटा, रंग ओला असतानाच कापडाच्या बोळ्याने हलके टिपत एकमेकांत मिसळावी लागते. बोळा क्षणभर जास्त टेकला, तरी डाग पडतो. फणसाचे काटे आणि सीताफळाचे डोळे मात्र लाकडातच कोरलेले असतात, तिथे रंगाने लबाडी करता येत नाही.

सुरक्षिततेविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी केंद्र सरकारचा गुणवत्ता आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट असल्यामुळे आमच्या भातुकलीवर आयएसआय चिन्ह दिसणार नाही. भातुकलीसाठी आम्ही शिसेविरहित रंगच वापरतो. तरीही भातुकलीतील लाटणे, पळी, कपबशी या वस्तू फार लहान असतात; तीन वर्षांखालील मुलांच्या हाती त्या देऊ नयेत. फळांचे संच शोभेसाठी असून त्यांवर वॉर्निशचा हात असतो, ते चावण्याच्या वयातील बाळांना देऊ नयेत.

गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पारंपरिक गोल पत्ते, आम्ही बनवत नाही. दशावतारी गंजिफांचा १२० पानांचा संच पाहायचा किंवा घ्यायचा असल्यास सावंतवाडीच्या राजवाड्यात जावे. तिथे चित्रकार काम करताना प्रत्यक्ष पाहता येतात.

वस्तू कोरड्या मऊ फडक्यानेच पुसाव्यात. चमक यावी म्हणून काही जण खोबरेल तेल लावतात; तसे करू नये, कारण त्यावर धूळ बसते आणि रंग काळवंडतो. थेट ऊन आणि वातानुकूलन यंत्राचा झोत दोन्ही टाळावे. फळाखाली पिठासारखी बारीक पूड पडलेली आढळल्यास कीड लागली आहे असे समजून ती वस्तू पिशवीत बंद करावी, इतरांपासून दूर ठेवावी आणि आम्हाला कळवावे. परदेशी नेणाऱ्यांनी, विशेषतः ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी, लाकडी वस्तू सोबत असल्याचे विमानतळावर आपणहून सांगावे. तिथे साल किंवा कीड आहे का याची तपासणी होते.

रंगाचा टवका उडाल्यास वस्तू टाकून देऊ नये. ती आमच्याकडे आणून दिल्यास पावसाळा सोडून इतर वेळी आठवडाभरात डागडुजी करून मिळेल. पहिल्या वर्षात त्यासाठी पैसे घेतले जात नाहीत. मात्र जुन्या आंब्यावर दिलेली नवी छटा थोडी वेगळी दिसेल.