मोठ्या विमानामागचा झोत

सेंट मार्टिन बेटावरच्या प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळाच्या कुंपणाला धरून जेट इंजिनामागून सुटणारा हवेचा झोत अंगावर घेणाऱ्यांचे व्हिडिओ अजूनही हौसेने पाहिले जातात. २०१७ मध्ये तिथेच या झोताने फेकल्या गेलेल्या एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला. असल्या जीवघेण्या खेळाला साहस म्हणणं थांबायला हवं.

माणसाला फेकणारा हा झोत टॅक्सीवेवरच्या, म्हणजे धावपट्टीकडे ये-जा करण्याच्या मार्गावरच्या, छोट्या विमानालाही उलथवू शकतो. सेसना १७२ या छोट्या विमानाचं भरलेलं वजन साधारण ११०० किलो, म्हणून ते जागचं हलणार नाही असं वाटतं. पण त्याच्या पंखांचं क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मीटर आहे आणि ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास ते हवेत तरंगतं. वाऱ्यावर उचललं जावं म्हणूनच तर ते घडवलेलं असतं!

पंखांच्या टोकांशी उठणारे हवेचे प्रसिद्ध भोवरे जमिनीवर नसतात; पंख वजन पेलू लागले की ते तयार होतात. जमिनीवर भीती इंजिनाच्या झोताची. तीही सर्वांत जास्त असते ती मोठं विमान जागचं हलताना, कारण थांबलेली चाकं फिरवायला चालत्या चाकांपेक्षा जास्त जोर लागतो. वळताना तर झोत झाडूसारखा आडवा फिरतो.

हा झोत विरतो कसा, हे मला फार सुंदर वाटतं. तो आजूबाजूची शांत हवा सतत आपल्यात ओढून घेतो. हलणाऱ्या हवेचं वस्तुमान वाढत जातं, पण एकूण संवेग (वस्तुमान गुणिले वेग) तेवढाच राहतो. त्यामुळे वेग घटतो. इंजिनापासून पुरेसं दूर गेल्यावर मध्यरेषेवरचा वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. झोताचा दाब मात्र वेगाच्या वर्गावर ठरतो. म्हणजे अंतर दुप्पट केलं की वेग निम्मा आणि दाब एक चतुर्थांश! थोडं मागे थांबल्याने एवढा फरक पडतो तो यामुळे.

सगळ्यात वाईट झोत तिरका, मागून येणारा. तो पंखाखाली आणि शेपटीखाली शिरतो. तीन चाकांच्या त्रिकोणात नाकाचं चाक आणि एक मुख्य चाक जोडणारी रेषा गुरुत्वमध्याच्या बरीच जवळ असते. विमान त्याच रेषेवरून कलंडतं. म्हणून वैमानिक अशा वेळी कंट्रोल व्हील पुढे ढकलून वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला फिरवतो. एलेव्हेटर (शेपटीवरची हलती पट्टी) खाली झुकतो, झोताकडचा एलेरॉनही (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) खाली येतो, आणि मागून येणारी हवा दोन्हींच्या वरच्या बाजूवर आदळून विमानाला जमिनीकडे दाबते.