कर्जतचा स्टुडिओ : एका कलादिग्दर्शकाच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

कर्जतजवळच्या ‘एन. डी.’ स्टुडिओविषयी गेल्या काही वर्षांत जे लिहिले गेले, ते बहुतेक कर्ज, व्याज आणि दिवाळखोरीची प्रक्रिया यांच्याभोवतीच फिरत राहिले. हिशेबाची ती बाजू महत्त्वाची आहेच. परंतु चित्रीकरण संपल्यावर सेट मोडण्याऐवजी तो कायम उभा ठेवावा, हा विचार ज्या कलादिग्दर्शकाने, म्हणजे नितीन चंद्रकांत देसाई यांनी, अमलात आणला, त्यांची जडणघडण मोठ्या पडद्याआधी दूरचित्रवाणीवर झाली होती, याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

१९८७ मध्ये ते ‘तमस’ मालिकेच्या कलाविभागात सहायक म्हणून दाखल झाले. गोरेगावच्या चित्रनगरीसाठी तो काळ मोठ्या ऐतिहासिक मालिकांचा होता. ५३ भागांची ‘भारत एक खोज’ तिथेच चित्रित झाली आणि १९९१ मध्ये आलेल्या ‘चाणक्य’पर्यंत आपल्या कलादिग्दर्शकाकडे स्वतंत्र जबाबदारी आली होती. चित्रपटाचा सेट काही दृश्यांपुरता उभा राहतो. मालिकेला मात्र दर आठवड्याला नवा दरबार, नवी गल्ली, नवे अंतःपुर लागते आणि पैसे तेवढेच असतात. त्यामुळे मालिकेच्या कलाविभागात काटकसर हाच पहिला धडा असतो. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये काथ्या घालून साच्यातून काढलेला खांब एका भागात राजवाड्यात उभा राहतो, तोच पुढच्या भागात रंग बदलून आणि माथ्यावर दुसरे नक्षीकाम चढवून मठाच्या ओवरीत जातो. प्रेक्षकाला ते कळू न देणे हे सुतार, मोल्डर आणि पेंटर यांचे खरे कसब, आणि कोणता तुकडा पुन्हा वापरता येईल हे आधीच ओळखणे हे कलादिग्दर्शकाचे.

चित्रपटांचा टप्पा सर्वांना ठाऊक आहे. १९९४ च्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ने नाव झाले आणि पुढे ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ व ‘देवदास’ या चार चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. श्रेयनामावलीतले ‘कलादिग्दर्शक’ हे पद याच सुमारास हळूहळू ‘प्रॉडक्शन डिझायनर’ झाले. ‘लगान’साठी कच्छमध्ये भूजजवळ मातीच्या घरांचे अख्खे गाव वसवले गेले, तर ‘देवदास’मधल्या कोठ्यासाठी चित्रनगरीत कृत्रिम तळे तयार करण्यात आले. एवढ्या खर्चाचा सेट चित्रीकरण संपल्यावर मोडायचा, जागा मोकळी करून द्यायची आणि सामान मिळेल त्या भावाने काढून टाकायचे, ही धंद्याची रीत होती. जागेचे भाडे दिवसावर चढत असल्याने निर्मात्याला दुसरा पर्यायही नव्हता.

२००५ मध्ये कर्जतजवळ स्वतःच्या जमिनीवर स्टुडिओ उभा राहिला तो या रीतीला उत्तर म्हणून. या निर्णयावर आज दोन टोकाची मते आहेत. एका मतानुसार ती कलावंताची हौस होती आणि हौसेला व्यवहाराची जोड नव्हती. दुसरे मत असे की मुंबई-पुण्याच्या मधोमध, उंच इमारती चौकटीत येणार नाहीत अशा डोंगरांच्या पार्श्वभूमीवर तयार किल्ला आणि राजवाडा मिळत असेल, तर कोणताही निर्माता नवा सेट लावण्यापेक्षा भाडे देणे पसंत करील. पहिली काही वर्षे पाहता दुसरे मत अधिक पटते. २००८ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला तिथे उभारण्यात आला आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’ या मराठी मालिकेची निर्मितीही त्यांनीच केली. मराठी मालिकेच्या तुटपुंज्या खर्चात तेवढी भव्यता एरवी शक्यच नव्हती. मालिकेत शिकलेली पुनर्वापराची युक्ती आता चित्रपटाच्या आकाराने वापरली जात होती.

अडचण होती ती सामानाची. सेट कॅमेऱ्यासाठी बांधला जातो, पावसासाठी नव्हे. प्लाय, प्लास्टर आणि फायबर कर्जतच्या पावसाळ्यात किती टिकणार, आणि दरवर्षीची डागडुजी कोणत्या खात्यातून करायची, याचे उत्तर भाड्याच्या दरात बसवणे सोपे नाही. शिवाय एकदा गाजलेल्या चित्रपटात दिसलेला दिवाण-ए-आम, म्हणजे बादशहाचा दरबार, प्रेक्षक ओळखतो. खांब फिरवून लावता येतो, किल्ला नाही. पुढे संगणकावरील दृश्यपरिणामांमुळे भिंतीचा खालचा भाग बांधून वरचे मजले पडद्यावर चढवण्याची सोय झाली आणि पूर्ण उंचीच्या तटबंदीची गरज कमी झाली. पर्यटकांसाठी थीम पार्क करण्याचा मार्ग या परिस्थितीत स्वाभाविक होता, परंतु त्याला लागणारे भांडवल कलाविभागाच्या मिळकतीतून येणारे नव्हते. माझ्या मते निर्णय चुकीचा नव्हता. त्याचा सगळा भार एकाच माणसाच्या नावावर होता, ही त्यातली खरी कमकुवत बाजू. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन होऊन पुढे पुण्याला गेलेल्या ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेमध्येही कलादिग्दर्शक मालक होता, पण तो अनेक भागीदारांपैकी एक होता.

या सर्व काळात गणेशोत्सवातील सजावट, मोठ्या सोहळ्यांची व्यासपीठे अशी कामेही सुरूच होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर झालेल्या उद्धव ठाकरे यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या शपथविधीचे व्यासपीठ त्यांचेच होते. मे २०२१ मध्ये लागलेल्या आगीत ‘जोधा अकबर’चा सेट भस्मसात झाला. थकलेल्या कर्जाचे प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले, जुलै २०२३ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि २ ऑगस्ट २०२३ रोजी स्टुडिओतच त्यांचे निधन झाले. पुढे याच प्रक्रियेतून ही जागा राज्य सरकारच्या महामंडळाकडे आली. गोरेगावची चित्रनगरीही त्याच महामंडळाकडे आहे, त्यामुळे जागा भाड्याने द्यायची पद्धत आणि तयार सेट भाड्याने द्यायची पद्धत आता एकाच कार्यालयाला चालवावी लागणार आहे.