महिला फुटबॉल क्लब मराठवाड्यात : शाळेनंतरची तुटलेली वाट

इंडियन विमेन्स लीग म्हणजे देशातल्या महिला फुटबॉल क्लबांची सर्वोच्च स्पर्धा. तिचे २०२३-२४ आणि २०२४-२५ हे दोन हंगाम घ्या. ओडिशा, केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, बंगाल इथले क्लब खेळले. महाराष्ट्राचा एकही नव्हता. त्याआधी एफसी पुणे सिटी, मुंबईचा केंकरे आणि एफसी कोल्हापूर सिटी हे क्लब या स्पर्धेत उतरले होते. म्हणजे राज्याला ही वाट ठाऊक आहे, पण ती मुंबई-पुणे-कोल्हापूरच्या पलीकडे फारशी सरकलीच नाही. मराठवाड्यात महिलांचा व्यावसायिक क्लब काढायचा विचार कुणी करत असेल, तर हे का घडलं ते त्याने आधी नीट पाहावं.

महिला फुटबॉल मागे पडला तो मुलींना खेळायचं नव्हतं म्हणून नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतल्या कामगार बायकांचे संघ उभे राहिले. प्रेस्टनच्या डिक, केर लेडीज या संघाचा सामना १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ५३ हजार लोकांनी पाहिला. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांचे सामने बंद केले. ही बंदी जवळपास ५० वर्षं टिकली. भरलेलं मैदान एका ठरावाने रिकामं झालं.

आपल्याकडे बंदी नव्हती, दुर्लक्ष होतं. १९७५ मध्ये महिलांची स्वतंत्र राष्ट्रीय फुटबॉल संघटना उभी राहिली आणि पाचच वर्षांत, कोझिकोडला झालेल्या महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेत, भारतीय मुली उपविजेत्या ठरल्या. १९८३ मध्ये पुन्हा उपविजेत्या. त्याच वर्षी भारतीय संघाच्या खेळाडू शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. नव्वदच्या दशकात हा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे गेला आणि महिला संघाचे सामने इतके रोडावले की २००९ मध्ये फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने निष्क्रिय म्हणून भारताला क्रमवारीतून काढलं. मणिपूरच्या मुली मात्र आपल्या गावांतल्या स्थानिक क्लबांच्या बळावर खेळत राहिल्या. २०१७ च्या सुरुवातीला पहिली इंडियन विमेन्स लीग झाली, तीही मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियननेच जिंकली. क्लब असतो तिथे खेळ टिकतो, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

आता मराठवाडा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता, आणि हैदराबाद तेव्हा देशातल्या फुटबॉलचं मोठं ठाणं होतं. हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स करंडक ही मुंबईतली मानाची फुटबॉल स्पर्धा जिंकली. त्या संघाचे प्रशिक्षक, पेशाने शिक्षक असलेले सय्यद अब्दुल रहीम, यांच्याच हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं मिळवली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. भाषेसाठी ते हवंच होतं. पण फुटबॉलच्या दृष्टीने जवळचं केंद्र दुरावलं आणि नवं केंद्र मुंबईत होतं. ही सांगड मी घालतो आहे. पण नांदेडहून मुंबई गाठायला रेल्वेत एक रात्र जाते, हे तिथल्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाला माहीत आहे.

मुलींच्या पायांत मात्र वेग इथे कायम होता. तो खो-खोने जपला. धाराशिवच्या सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचं नेतृत्व करून सुवर्णपदक आणलं, २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. झटक्यात दिशा बदलणं, हुलकावणी देणं, पाठलाग करणं, हे सगळं बालपणीच शिकलेली मुलगी फुटबॉलला परकी नसते.

शाळेपर्यंत फुटबॉलचीही सोय आहे. १५ सप्टेंबर २०१७ ला, मुलांच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्यभरच्या शाळांत फुटबॉल वाटून एकाच दिवशी सामने झाले; मराठवाड्यातल्या शाळाही त्यात होत्या. सुब्रतो मुखर्जी करंडक या देशपातळीवरच्या शालेय फुटबॉल स्पर्धेत २०१२ पासून सतरा वर्षांखालील मुलींचा गट आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या मुली चढतात. मग दहावी-बारावी होते आणि पुढे पायरीच नाही.

नेमकं त्याच वयात घरी लग्नाचा विषय निघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत परभणीत २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं आढळलं. राज्याची सरासरी २१.९ टक्के होती. बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुली हंगामात शाळेतूनच गायब होतात, मग संघात कुठून राहणार? म्हणून इथला क्लब आधी वसतिगृह असावा आणि नंतर संघ, असं मला ठामपणे वाटतं. निवास, जेवण, कॉलेजात प्रवेश आणि घरी दाखवता येईल असा कागद.

त्या कागदाचं मोल आता वाढलं आहे. २०२३ मध्ये महासंघाने ठरवलं की लीगमधल्या वरच्या आठ क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचे करार करावेत. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम लहान नाही. मुलगी कमावते आहे म्हटल्यावर वडिलांचा सूर बदलतो.

२०२४ पासून लीगची दुसरी श्रेणीही सुरू झाली आहे, त्यामुळे नव्या क्लबाला थेट शिखरावर उडी मारायची गरज उरलेली नाही. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवून भारतीय महिला २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरल्या, त्यामुळे प्रायोजकांशी बोलायला आज निमित्तही आहे. पण पहिली दोन-तीन वर्षं पैसा लागणार तो मुख्यतः वसतिगृहाला, आहाराला, महिला प्रशिक्षकाच्या पगाराला आणि मुंबईच्या रेल्वे तिकिटांना.