तांबडी नेमकी कुठे टोचते?

नागपुरात मानेवाड्याकडे आमच्या घरामागे सात कोंबड्या आहेत. त्यातल्या तांबडीने एप्रिलपासून कबरीला सळो की पळो करून सोडलं. दाण्याजवळ आली की चोच, पाण्याजवळ आली की चोच. शेजारच्या आजी कुंपणावरून बघत म्हणाल्या, "हे तं पक्की सासू होय वं बाई!" मग आम्हीही तेच केलं जे बहुतेक जण करतात, मार खाणाऱ्या कबरीलाच उचलून वेगळं ठेवलं. तीन आठवड्यांनी तिला परत सोडली, तर आता तांबडीच्या जोडीला बाकीच्या पाचही जणी तिच्यावर धावल्या.

चूक आमची होती. नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या न्याहाळायचा नाद होता. कोण कोणाला टोचते याची ते टिपणं ठेवत. 1922 साली त्यांनी ती मांडणी प्रसिद्ध केली, आणि कळपातल्या उतरंडीची कल्पना प्राणिशास्त्रात रुजली. ही उतरंड जोडीजोडीने ठरते. सात कोंबड्या म्हणजे एकवीस जोड्या, आणि प्रत्येक जोडीचा निकाल वेगळा. कधी पहिली दुसरीवर भारी, दुसरी तिसरीवर, आणि तिसरी पुन्हा पहिलीवर, असा तिढाही पडतो. एकदा निकाल लागला की नुसती मान उंचावली तरी भागतं. पण त्यासाठी समोरची ओळखू यावी लागते. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोक्यावरून, तुऱ्यावरून ओळखतात आणि काही आठवडे दिसली नाही तर विसरतात. परतलेली कबरी त्यांच्या लेखी परकी होती, त्यामुळे सगळे निकाल नव्याने लागणं भाग होतं.

म्हणून वेगळी काढायची ती मारणारी. तीन-चार दिवस, इतरांच्या नजरेआड. तेवढ्यात मागच्यांची घडी बसते आणि परतलेलीचा तोरा बरेचदा उतरतो. बरेचदा म्हणतेय, नेहमी नाही.

पण त्याआधी चोच कुठे पडते ते बघा. डोक्यावर, तुऱ्यावर पडत असेल तर तो मानाचा तंटा. पाठीवर, शेपटीच्या मुळाशी पडत असेल आणि पिसं उपटली जात असतील, तर त्याला भांडण म्हणणंच चूक. कोंबडीचा दिवस माती उकरण्यात आणि टोचण्यात जायला हवा. सिमेंटच्या अंगणात उकरायला काहीच नसलं की ती चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. आहारात प्रथिनं कमी असतील तर ही खोड वाढते. पिसं जवळजवळ प्रथिनांचीच बनलेली असतात, आणि आपण घालतो उरलेला भात. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साधारण 16 ते 18 टक्के प्रथिनं लागतात. भातात, ज्वारीत ती मिळत नाहीत. आपल्याकडे सोयाबीनची ढेप, म्हणजे पेंड, सहज मिळते, ती मिसळावी. कच्चं सोयाबीन मात्र घालू नये, ते नीट पचत नाही. कोपऱ्यात कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग टाकून त्यात मूठभर दाणे लपवले तर दुपार निघून जाते. रक्त दिसलं तर मात्र जखमीला लगेच बाजूला घ्या. लाल रंगावर साऱ्या तुटून पडतात.

आणि फक्त घरट्याजवळ हात नेला की अंग फुगवून चावणारी? ती खुडूक आहे. प्रोलॅक्टिन या संप्रेरकाने तिला 21 दिवसांच्या उबवणीला बसवलंय. पिल्लं हवी असतील तर बसू द्या. नको असतील तर जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन काही दिवस ठेवा. खालून वारा लागला की खुडूकपणा जातो.

आमच्या तांबडीचं दुखणं थोडं नागपूरचं होतं. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं हाच तिचा कूलर. पारा 45 च्या आसपास गेला की ती कमी खाते आणि पाण्याजवळून हलत नाही. आम्ही सातजणींना पाण्याचं पसरट मातीचं भांडं, म्हणजे परळ, एकच ठेवला होता, तोही लिंबाच्या एकुलत्या सावलीत. ज्याच्या हाती परळ, त्याचं राज्य!

तांबडीला चार दिवस पुढच्या ओसरीत डालग्याखाली कोंडली, अंधार पडल्यावर परत खुराड्यात सोडली. पहिल्या सकाळी तिने कबरीला दोनदा टोचलंच. मग आम्ही दुसरा परळ पाण्याच्या टाकीमागे ठेवला, पहिल्यापासून दिसणार नाही असा. कबरी आता तिथेच पिते. तांबडी कधीतरी मान उंच करून तिकडे बघते, पण भर दुपारी तेवढं ऊन तुडवत जायची तिची तयारी नसते.