कुलंट बदलणं आणि रेडिएटर फ्लश करणं: ट्रकवाल्यांनो, ही दोन वेगळी कामं आहेत

"पाणी बदललंय शेठ, रेडिएटर एकदम क्लीन." गॅरेजातून ट्रक बाहेर काढताना हे प्रत्येकाने ऐकलेलं असतं. पण यावरून मिस्त्रीने नक्की काय केलं ते कळतच नाही, कारण खालचा नळ सोडून जुनं काढून नवीन ओतलं तरी हेच बोलतात आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व) काढून, केमिकल फिरवून, उलट्या बाजूने पाणी मारून आतला गाळ काढला तरी हेच बोलतात. पहिलं काम आहे कुलंट बदलणं, दुसरं फ्लश. एकाच्या जागी दुसरं केलं की पैसे तर जातातच, वर घाटात गाडी गरम होते ती होतेच.

आधी साधं काम घेऊ. कुलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि त्यात थोडी गंज रोखणारी द्रव्यं. ग्लायकॉल तसं लवकर खराब होत नाही, संपतात ती ही द्रव्यं. जुन्या पद्धतीच्या कुलंटमधे ती साधारण दोन वर्षांत थकतात, लाँग लाइफवाल्यात पाच वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतात, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधे असतो तोच धरा. म्हणजे सिस्टिम आतून स्वच्छ आहे, फक्त कुलंटचं वय झालंय, तर काढा आणि भरा, विषय संपला. अशा गाडीत उगाच केमिकल घालून फ्लश करायची काही गरज नाही.

पण हे काढा-भरा वेळेवर झालंच पाहिजे, आणि जड गाडीत तर जास्तच, कारण बऱ्याच मोठ्या डिझेल इंजिनात वेट लायनर असतात, म्हणजे ज्या नळीत पिस्टन वरखाली होतो त्या लायनरची बाहेरची बाजू थेट कुलंटमधे बुडालेली असते. प्रत्येक स्फोटाला लायनर थरथरतो, त्या थरथरीने बाहेरच्या बाजूला बारीक वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि फुटताना लोखंडाचा कण न कण उडवत राहतात. नायट्राइट किंवा तसली द्रव्यं लायनरवर एक पातळ थर धरून ठेवतात, बुडबुडा त्या थरावर फुटतो आणि थर परत तयार होतो. द्रव्यं संपली की मार थेट लोखंडावर. लायनर बाहेर काढल्यावर एकाच बाजूला सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतात ना, ती हीच. भोक आरपार गेलं की पाणी ऑइलमधे, आणि मग इंजिन खाली उतरवण्यावाचून पर्याय नाही. म्हणून "साधं पाणी घाल, आपल्याकडे कुठे बर्फ पडतोय" हा सल्ला ट्रकला फार महागात पडतो. कुलंट फक्त गोठू नये म्हणून नसतंच मुळी.

आता फ्लश. हे काम आहे आतल्या भिंती साफ करायचं. वर्षानुवर्षं कोणी ढाब्यावरचं, कोणी बोअरचं पाणी टॉपअप करत गेलं की त्यातला चुना आत गरम पृष्ठभागावर बसतो, गिझरच्या कॉईलवर बसतो तसाच. सोलापूर, मराठवाड्याकडचं बोअरचं पाणी वापरलेल्या गाड्यांत तर हे अगदी नेहमीचं. त्यात गंजाचा गाळ मिसळतो. हा थर उष्णता अडवून धरतो, म्हणजे कुलंट कितीही चांगलं असलं तरी हेडची उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि रेडिएटरच्या नळ्यांतून ती बाहेरही जात नाही. इथे नुसतं नवीन कुलंट ओतलं तर ते त्याच गंजाशी आणि चुन्याशी झगडण्यात संपतं, काही महिन्यांत परत तपकिरी. नवीन कुलंटचे पैसे अक्षरशः पाण्यात.

मग आपल्या गाडीला काय हवंय ते कसं ओळखायचं? इंजिन पूर्ण थंड असताना (गरम असताना कॅपला हात लावायचा नाही, चेहरा भाजतो, यात हयगय नको) कॅप उघडा आणि टॉर्च मारून आत बघा. रंग जिवंत आहे, तळ दिसतोय, तोंडाच्या आतून बोट फिरवलं तर बोट स्वच्छ निघतं, तर बदलणं पुरेसं. बोटाला लाल-तपकिरी चिखल लागला, नळ्यांच्या तोंडाशी पांढरट खवले दिसले तर फ्लश. टेस्ट स्ट्रिप मिळतात, पीएच साडेसातच्या खाली गेला असेल तर ते कुलंट संपलंय. अजून एक चांगली तपासणी म्हणजे टेम्परेचर गन: गाडी गरम करून रेडिएटरच्या जाळीवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरवा, तापमान सलग उतरत गेलं पाहिजे, मधेच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या चोकअप आहेत. आणि हो, बाहेरून जाळीत धूळ, किडे, भुसा अडकला असेल तर तो आधी साफ करा, कित्येकदा गरम होण्याचं कारण तेवढंच असतं आणि आतलं केमिकल त्याला काहीच करू शकत नाही.

वर तेलाचा तवंग किंवा कॉफीच्या रंगाची साय दिसली तर थांबा. ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केट गेलंय. आधी ते दुरुस्त, मग फ्लश, आणि तोही वेगळ्या केमिकलने. तेलासाठी साबणासारखं डिटर्जंटवालं क्लीनर लागतं, चुना-गंजासाठी सायट्रिकसारखं सौम्य ॲसिडवालं. दोन्ही डबे दुकानात "रेडिएटर फ्लश" म्हणूनच मिळतात, त्यामुळे मागे काय लिहिलंय ते वाचा. कॉस्टिक सोडा किंवा संडासचं ॲसिड कोणी टाकत असेल तर त्याला तिथेच अडवा, ॲल्युमिनियमचा रेडिएटर ते खाऊन टाकतं.

खरा फ्लश करताना थर्मोस्टॅटचा विचार करावाच लागतो. थंड इंजिनात तो बंद असतो, साधारण ८० अंशांच्या आसपास उघडायला लागतो, म्हणजे नळी लावून वरून पाणी सोडलं तर फक्त रेडिएटर धुतला जातो, ब्लॉक तसाच राहतो. म्हणून एकतर थर्मोस्टॅट काढायचा, नाहीतर केमिकल घालून गाडी गरम करून फिरवायची. मग ब्लॉकचा प्लगही उघडायचा आणि रेडिएटरमधे खालच्या होजकडून वर असं उलटं पाणी सोडायचं, वरून स्वच्छ पाणी येईपर्यंत. प्रेशर हलकंच ठेवायचं, कंप्रेसरची हवा थेट सोडली तर प्लास्टिक टाकीचा जोड सुटतो. आणि काढलेला थर्मोस्टॅट परत बसवून घ्या! "वॉल्व नको, गाडी थंड राहील" असं सांगणारे खूप आहेत, पण त्याने इंजिन कामाच्या तापमानाला येत नाही, डिझेल जास्त जातं, झीज वाढते, आणि काही इंजिनात बायपासचा रस्ता उघडा राहून पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनात फिरतं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो भरताना, आणि दोन कामांमधला खरा फरक इथेच दिसतो. समजा सिस्टिम ३० लिटरची आहे. रेडिएटरचा नळ सोडला की १८ लिटर निघालं, १२ लिटर ब्लॉक आणि पाइपांत राहिलं. नुसतं कुलंट बदलत असाल तर आत राहिलेलं हे १२ लिटर निम्मं-निम्मं कुलंटच आहे, त्यावर १८ लिटर रेडी-टू-यूज (निम्मं पाणी आधीच मिसळलेलं) भरलं की मिश्रणाचं प्रमाण बरोबर राहतं. पण फ्लश केला असेल तर ते १२ लिटर साधं पाणी आहे! त्यावर तेच १८ लिटर रेडी-टू-यूज ओतलं तर ग्लायकॉल फक्त ९ लिटर, म्हणजे ३० टक्के, आणि गंज रोखणारी द्रव्यंही त्याच हिशोबात कमी. डबा महागाचा, रंग मस्त दिसतो, आणि आत लायनर उघडा. काश्मीरहून सफरचंद आणायला जाणाऱ्या किंवा लेह-द्रासकडे माल नेणाऱ्या गाडीला तर हे हिवाळ्यात सरळ ब्लॉक फुटण्याचं कारण होऊ शकतं. म्हणून फ्लशनंतर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कुलंट) घ्यायचं, आधी १५ लिटर तेच ओतायचं आणि वरची ३ लिटर जागा डीएम वॉटरने (क्षार काढलेल्या पाण्याने) भरायची. शेवटचं धुणंही डीएम वॉटरनेच केलं तर उत्तम, म्हणजे चुना परत आत जात नाही. मग रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रणाचं प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्राने) एक थेंब बघायचा, ग्लायकॉल ५० टक्क्यांच्या आसपास आलं की झालं. जास्त कॉन्सन्ट्रेट म्हणजे जास्त चांगलं असंही नाही हां, नुसतं ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं.

हवा काढणं दोन्हीकडे सारखंच: एअर व्हेंट उघडा ठेवून सावकाश भरा, इंजिन आयडलवर चालवा, वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, गाडी पूर्ण थंड झाल्यावर लेव्हल परत बघा.

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, गुलाबी, निळं हा कंपनीने घातलेला रंग आहे, प्रकार त्यावरून पक्का ठरत नाही. दोन प्रकार मिसळले तर आयुष्य कमी होतं, कधी जेलीसारखा गाळ धरतो. आत काय आहे ते माहीतच नसेल किंवा प्रकार बदलायचा असेल, तर सिस्टिम स्वच्छ दिसली तरी पाण्याने धुवून काढा, फक्त त्याला केमिकल लागत नाही.

जुनं कुलंट गॅरेजमागे सोडू नका, ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-गुरं पितात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. झाकणाच्या ड्रममधे साठवा आणि असा कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाला द्या. आणि काम झालं की टाकीवर मार्करने तारीख, किलोमीटर, कुलंटचा प्रकार आणि "फ्लश" की "फक्त बदल" हे लिहून ठेवा, म्हणजे रस्त्यात दुसऱ्याच मिस्त्रीने टाकी उघडली तरी त्यात काय ओतायचं हे त्याला विचारावं लागणार नाही.