लिंबाच्या वासाचा गांजा आणि निपाणीची तंबाखू

निपाणी-चिकोडीच्या शिवारात तंबाखूचे शेंडे खुडायला गेलेल्या बायकांचे हात दुपारपर्यंत चिकट होतात आणि संध्याकाळपर्यंत काळे पडतात. एकदा साबण लावून तो थर जात नाही. हा चीक पानाच्या पोटातून येत नाही. तंबाखूच्या पानावर बारीक लव असते आणि त्यातल्या पुष्कळ केसांच्या टोकाला एक सूक्ष्म ग्रंथी असते. ती राळेसारखा पदार्थ तयार करून बाहेर सोडते. पानावर चढणारा मावा किंवा बारकी अळी त्यात अडकते. माणसाचा हात लागला, तर तो थर हाताला येतो.

गांजाच्या झाडाचा लिंबासारखा वास समजून घ्यायला ही लव हीच सगळ्यात चांगली सुरुवात आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला. थंड, समशीतोष्ण हवेच्या अशा देशांत लिंबू-संत्र्याच्या वासाच्या वाणांना मोठी मागणी आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय हे झाड लावणे गुन्हा आहे, आणि त्याच्या नशेचे गोडवे गाण्यात मला रस नाही. पण त्या वासामागचे वनस्पतिशास्त्र अस्सल आहे, आणि त्याचे धागे थेट आपल्या बांधापर्यंत येतात.

लिंबाचा वास म्हणजे एकच पदार्थ नव्हे. परसातला गवती चहा चुरगळला की येतो तो मुख्यतः सिट्रालचा वास. संत्र्याच्या सालीच्या तेलात मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते. दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन अणूंचा हा छोटा रेणू लिंबाच्या वासाच्या गांजात ठळकपणे सापडतो. संत्र्याची साल पेटत्या मेणबत्तीजवळ दाबून पाहा: उडालेले तुषार क्षणात भडकतात. सालीतले तेच तेल थर्माकोलच्या तुकड्यावर पिळले तर थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. असे जहाल द्रावक झाड अंगावर बाळगते ते किड्यांसाठी. आपल्याला आल्हाददायक वाटणारा हा वास कित्येक कीटकांना दूर ठेवतो, काहींना मारतोही.

गांजाच्या मादी फुलोऱ्यातल्या बारीक पानांवर देठ असलेल्या ग्रंथी दाटीने उगवतात. नुसत्या डोळ्यांना त्या दवासारख्या चमकताना दिसतात. भिंगाखाली पाहिले तर एका देठावर काचेच्या मण्यासारखा गोळा दिसतो. मण्याच्या तळाशी पेशींची एक चकती असते, आणि तिने तयार केलेला माल वरच्या पातळ आवरणाखाली साठत जातो. या चकतीत जेरानिल डायफॉस्फेट नावाचा कच्चा माल तयार होतो. एका विकराने (एन्झाइमने) त्याला वळवले की लिमोनीन बनते. दुसऱ्या वाटेने गेला की ऑलिव्हेटोलिक आम्लाशी जोडला जाऊन नशेच्या टीएचसीचा पूर्वज तयार होतो. वास आणि नशा एकाच कच्च्या मालावर चालतात. लिमोनीनचा विकर किती काम करणार हे मुख्यतः आनुवंशिक असल्यामुळे काही वाणांना लिंबाचा वास येतो आणि काहींना पाइनचा किंवा मिरीचा.

इथे तंबाखूची रीत निराळी आहे. तिची नशा, म्हणजे निकोटीन, लवेत बनतच नाही. ते मुळांत बनते आणि पाण्याबरोबर पानांत चढते. १९४० च्या दशकात तंबाखूचा शेंडा टोमॅटोच्या खुंटावर कलम करून पाहिला, तेव्हा त्या तंबाखूच्या पानांत निकोटीन जवळजवळ आढळलेच नाही. शेंडा खुडल्यावर मुळे जास्त निकोटीन तयार करतात. निपाणीकडे पान कडक व्हावे म्हणून खुडणी करतात, त्यामागचे हे शास्त्र आहे.

आता प्रश्न हवामानाचा. थंड देशातल्या लागवडीत खरी अडचण थंडीपेक्षा झाडाच्या फुलण्याच्या घड्याळाची असते, आणि ते घड्याळ शोधण्याचे श्रेय पुन्हा तंबाखूलाच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांच्यापुढे मेरिलँड मॅमथ नावाचा तंबाखूचा वाण होता. उन्हाळाभर तो उंचच उंच वाढे आणि फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र छोट्या रोपालाही फुले येत. खत, पाणी, तापमान सगळे तपासून झाल्यावर त्यांनी रोपे दुपारीच अंधाऱ्या खोपटात ठेवायला सुरुवात केली. दिवस लहान झाला आणि भर उन्हाळ्यात फुले आली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. (तंबाखूचे बहुतेक वाण दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा करत नाहीत, मॅमथ हा अपवाद होता, आणि विज्ञानाचे भाग्य की तो त्यांच्या शेतात होता.) पुढे १९३८ मध्ये शंकेश्वरावर, म्हणजे बांधावर उगवून धोतराला काटेरी फळे चिकटवणाऱ्या तणावर, प्रयोग झाले. झाड दिवस नव्हे, सलग अंधार मोजते, हे त्यातून कळले. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला तरी फुलोरा थांबतो. शेवंतीच्या मळ्यात रात्री बल्ब लावतात ते यासाठीच.

गांजाही असाच, रात्र लांबल्यावर फुलणारा आहे. बेळगावात वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत दोन तासांचाही फरक नाही. लंडनमध्ये हा फरक पावणेनऊ तासांच्या आसपास जातो. तिथे जूनमध्ये दिवस सोळा तासांहून मोठा, त्यामुळे झाड नुसते वाढत राहते. रात्र पुरेशी लांबते ती ऑगस्टमध्ये, तेव्हा कळ्या धरतात. ग्रंथी शेवटच्या आठवड्यांत भरतात आणि लिंबाचा वासही तेव्हाच चढतो. नेमक्या त्याच वेळी तिथे थंड दव, पाऊस आणि ओल सुरू होते. दाट फुलोऱ्यात ओल अडकून बोट्रायटिस ही राखाडी बुरशी आतून पोखरते. वरून फूल ठणठणीत दिसते आणि आत भुगा. उष्ण प्रदेशातून गेलेले अरुंद पानांचे वाण फुलायला लागल्यावर पिकायलाही जास्त वेळ घेतात, म्हणून त्यांचे तिथे सर्वांत जास्त हाल होतात.

मग वाणच बदलावा लागतो. मध्य आशिया आणि रशियाच्या थंड, तोकड्या उन्हाळ्यात वाढणारा रुडेरालिस हा ठेंगणा प्रकार रात्र मोजत बसत नाही. ठरावीक वयाला फुलतो. त्याच्याशी संकर करून लवकर पिकणारे वाण तयार केले गेले. पण रुडेरालिसमध्ये ग्रंथींचा माल कमी असतो. म्हणून संकरानंतर सुवासिक वाणाशी पुन्हा पुन्हा मेळ घालत, प्रत्येक पिढीत लवकर फुलणारी आणि वास राखणारी रोपे निवडावी लागतात. मला यातला हा चिकाटीचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

शिवाय लिमोनीन उडून जाणारे. कापणीनंतर ऊन लागले की लिंबाचा वास लवकर जातो आणि मागे जड रेणूंचा मातकट वास उरतो. म्हणून थंड देशात फुलोरा सावलीत, गार हवेत सावकाश वाळवतात. पिकताना नडलेली थंडी तिथे उपयोगी पडते.

निपाणी, संकेश्वर, खानापूरच्या शाळा-महाविद्यालयांत हे विज्ञान कायदा न मोडता शिकवता येईल. तंबाखूच्या ताज्या पानाची कड साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर लवेच्या टोकावरचे गोळे स्पष्ट दिसतात. तुळशीच्या पानावर बसक्या ग्रंथी दिसतात. कढीपत्ता आणि तिरफळ तर थेट लिंबाच्याच कुळातले. त्यांचे तेल केसात नसते, पानाच्या किंवा फळाच्या सालीच्या आत ठिपक्यांसारख्या पिशव्यांत असते. कढीपत्त्याचे पान उजेडासमोर धरले की ते ठिपके डोळ्यांनीच मोजता येतात.