मॉडला डोनेशन देणं आणि मॉड विकत घेणं, फरक नक्की कुठेय?

मॉड म्हणजे कॉम्प्युटर गेममधे चाहत्यांनी स्वतः बनवून घातलेली भर किंवा बदल, आणि पॅट्रिऑन म्हणजे अशा लोकांना चाहते पैसे पाठवतात ती साइट. "मॉडवाला पॅट्रिऑनवर पैसे घेतोच ना, मग सरळ विकला मॉड तर काय बिघडलं?" हे वाक्य दर थोड्या दिवसांनी कुणीतरी टाकतंच आणि मग भांडण सुरू. पैसे दोन्हीकडे आहेत, मान्य. पण कीर्तनात शेवटी ताट फिरतं आणि नाटकाला दारातच तिकीट फाडतात, तसं आहे हे. ताटात काही नाही टाकलं तरी कीर्तन तुम्ही ऐकलेलंच असतं.

विक्रीचं गाजलेलं उदाहरण म्हणजे स्कायरिम हा गेम. एप्रिल 2015 मधे व्हॉल्व्ह (स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणारी कंपनी) आणि बेथेस्डा (स्कायरिमची कंपनी) यांनी स्टीम वर्कशॉपवर, म्हणजे स्टीमच्या मॉड मिळायच्या जागेवर, मॉड विकायची सोय काढली, त्यात मॉड बनवणाऱ्याला फक्त 25 टक्के, 30 व्हॉल्व्हला आणि 45 बेथेस्डाला. बरेच जण या वाट्यावरून भडकले, पण मला विचाराल तर खरी अडचण वेगळी होती. मॉड हे एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात, कुणाचं अॅनिमेशन, कुणाची स्क्रिप्ट, फुकट आहे तोवर सगळे वापरू देतात, एकाने किंमत लावली की बाकीचे विचारणारच ना की माझं काय? आणि झालंही तसंच, मासेमारीचा एक मॉड दुसऱ्याच्या अॅनिमेशनवर अवलंबून होता म्हणून लगेच काढावा लागला. चार दिवसांत अख्खी योजनाच गुंडाळली, पैसेही परत दिले.

डोनेशनला ही भानगड बरीच कमी, कारण फाइल सगळ्यांना मिळते. माइनक्राफ्ट गेमच्या जावा आवृत्तीचा (कॉम्प्युटरवरच्या मूळ आवृत्तीचा) नियम बघा, मॉड बनवा, डोनेशन घ्या, पण मॉड विकायचा नाही.

आता मधला प्रकार, आणि खरा गोंधळ इथेच आहे: अर्ली अॅक्सेस. सिम्स 4 या गेमसाठी तो काढणाऱ्या ईए कंपनीने 2022 मधे सांगितलं की कायमचं पेवॉल (पैसे दिल्याशिवाय फाइल नाही) नको, पण पैसे देणाऱ्यांना आधी दिलं तर चालेल, फक्त वाजवी मुदतीनंतर सगळ्यांना फुकट मिळालं पाहिजे. वाजवी म्हणजे किती दिवस? आकडाच दिला नाही! मग काही जण हे 'आधी' इतकं लांबवतात की ती विक्रीच होते, नाव फक्त सपोर्टचं. म्हणून पैसे देण्याआधी तो मॉड सगळ्यांसाठी कधी खुला होणार याची तारीख लिहिलीय का ते बघा, नसेल तर तुम्ही तिकीटच काढताय.